फासे किती प्रकारचे असतात? सारीपाटापासून २० बाजूंच्या फाशापर्यंत

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापुरात तुळजाभवानी मंदिराच्या मागे भारतीबुवांचा मठ आहे. देवी रणछोड भारतींसोबत सारीपाट खेळत असे, अशी इथली आख्यायिका. पण सारीपाटाचा फासा लुडोच्या फाशासारखा नसतो. मग फरक काय?

लांबट फासा: सारीपाटाचा. तो आडवाच पडतो, म्हणून ठिपके फक्त चार बाजूंवर असतात.

कवड्या आणि चिंचोके: पच्चिसीत सहा किंवा सात कवड्या टाकतात. किती उताण्या पडल्या, यावर दान ठरतं. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांची पांढरी बाजू मोजतात.

सहा बाजूंचा फासा: समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी ७. असे दोन फासे टाकले तर ३६ शक्यतांपैकी ६ वेळा बेरीज ७ येते, १२ मात्र एकदाच.

बहुबाजूंचे फासे: १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मुळे ४, ८, १२ आणि २० बाजूंचे फासे लोकप्रिय झाले. पुढे १० बाजूंचाही आला. २० बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के.

खरा फासा कोणता?
ज्याच्या सगळ्या बाजू सारख्या, तो. कवडीची पाठ फुगीर आणि पोट चपटं, त्यामुळे उताणी-पालथी पडण्याची शक्यता समान असेलच असं नाही. फाशाचा कोपरा झिजला, तरी दान एका बाजूला झुकू शकतं. म्हणून डाव मांडण्याआधी फासे एकदा नीट बघून घ्या.