चुलीतला कोळसा आणि हरवलेलं रान

उत्खननात सापडलेला कोळसा म्हटलं की आपल्याला कालमापन आठवतं. कार्बन तपासायचा, वर्षं काढायची, झालं. आज आपण त्याच तुकड्याला दुसरा प्रश्न विचारणार आहोत: तू कुठल्या झाडाचा? आणि त्यावरून त्या काळचं रान कसं होतं, हे कळेल का?

पहिला प्रश्न त्यामानाने सोपा आहे. लाकूड कुजतं, त्याला वाळवी लागते. पण पुरेशी हवा न मिळता ते जळलं, की जो कार्बन उरतो तो किडीच्या कामाचा नसतो. लाकडाच्या पेशींची मांडणी त्यात टिकून राहते. तुकडा हाताने मोडायचा, एक आडवा आणि दोन उभे असे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. झाडाची प्रजाती, निदान त्याचं कूळ ओळखता येतं. वलयं जास्त वाकलेली असतील तर ती बारीक फांदी. आत बुरशीचे धागे दिसले, तर लाकूड जळण्याआधीच कुजायला लागलं असण्याची शक्यता.

दुसरा प्रश्न अवघड, कारण रान आणि चूल यांच्यामध्ये सरपण गोळा करणारा माणूस उभा असतो. चुलीवर स्वयंपाक केलेल्या कुणालाही विचारा: काटक्या भडकन पेटतात, बाभळीचा निखारा टिकतो. म्हणजे निवड आलीच. शिवाय एका चुलीत शेवटच्या काही जाळांचाच कोळसा उरतो. म्हणून अभ्यासक वस्तीभर विखुरलेला, वर्षानुवर्षं झाडून टाकलेला कोळसा पाहतात. त्यात रोजच्या सरपणाची सरासरी मिळते.

आता दक्षिण फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत जाऊ. तिथल्या भिंतींवर कोळशाने काढलेले सिंह, घोडे, गेंडे आहेत. माणसं तिथे साधारण ३७,००० ते ३३,५०० आणि पुन्हा ३१,००० ते २८,००० वर्षांपूर्वी येत होती. इझाबेल तेरी-पारिसो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली तिथल्या कोळशाच्या १७१ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक नमुना झुडपाचा निघाला, बाकी सगळे पाइनचे!

मग आसपास फक्त पाइनच होता का? तेवढं म्हणता येत नाही. थंडी सोसणारा पाइन त्या हिमयुगात तग धरून होता, हे नक्की. पण त्याच्या खालच्या फांद्या आपोआप वाळून गळतात. कुऱ्हाड न चालवता सरपण मिळतं. आणि त्याचा कोळसा चित्रात बोटाने पसरवायलाही चांगला. हवामान आणि सोय, दोन्हींचं उत्तर एकच येतं आहे.

रान बदललं तर काय दिसतं? त्यासाठी बऱ्याच अलीकडच्या काळात, प्रशांत महासागरातल्या रापा नुई म्हणजे ईस्टर बेटावर यावं लागेल. कॅथरीन ओर्लियाक यांनी तिथल्या चुली आणि भट्ट्यांतला कोळसा तपासला. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जळण म्हणून झाडाझुडपांचं लाकूड आहे. त्यानंतर मुख्यतः गवत. सरपण संपत आल्याची ही थेट खूण. पण झाडं का गेली, हे चूल सांगत नाही. शेतीसाठी जाळलेलं रान, ताडाची फळं कुरतडणारे उंदीर, यांवर वाद चालूच आहे.

म्हणून आपण दोन टोकं टाळू या. आदिमानव निसर्गाला जपूनच राहत असे, हेही कोळसा सिद्ध करत नाही. आणि चुलीत लाकूड सापडलं म्हणजे त्याने जंगल तोडलं, हेही नाही. वाळलेली फांदी उचलणं आणि उभं झाड पाडणं यांत फार अंतर आहे. ते ओळखायचं तर वलयांचा बाक बघायचा, बुरशी बघायची, आणि एकाच जागी खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत सरपण कसं बदलत गेलं ते बघायचं. एवढं केल्याशिवाय त्या माणसांवर आरोप ठेवण्याचा किंवा त्यांना शाबासकी देण्याचा अधिकार आपल्याला नाही.