चित्रपटांतील सिंहगड

ऐतिहासिक युद्धपट पडद्यावर आला कीं त्यांतील पगड्या, पट्टे व निशाणें तपासून चुकांच्या याद्या करण्याचा प्रघात पडला आहे. अशा याद्यांचा उपयोग थोडा. दोन प्रतींत एकच चूक आढळली तर त्यांचें मूळ एक असावें, हें पोथ्यांच्या संग्राहकांस सांगावयास नको. हाच न्याय आम्ही इ. स. २०२० सालच्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटास लावून पाहतों.

पुरंदरच्या तहानें इ. स. १६६५ त जे २३ किल्ले मोंगलांकडे गेले त्यांत कोंढाणा होता. शके १५९१ माघ वद्य ९ (४ फेब्रुवारी १६७०) रोजीं तानाजी मालुसऱ्यांनीं तो घेतला व तेथेंच ते पडले. सभासदाचा वृत्तांत आटोपशीर आहे : निवडक मावळे रात्रीं कडा चढले, तानाजी व उदेभान एकमेकांच्या हातून ठार झाले, सूर्याजीनें काम तडीस नेलें, मग गडावर आग लावण्यांत आली व तिच्या उजेडावरून राजगडीं फत्ते कळली. यांत लोकप्रिय घोरपडही नाहीं, ती पोवाड्यांतली.

चित्रपटांत उदेभानाच्या कैदेंत कमळा नांवाची राजपूत विधवा आहे. सभासदास ती ठाऊक नाहीं. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरींत मात्र कमलकुमारी आहे, आणि प्रभातचा इ. स. १९३३ चा 'सिंहगड' हा बोलपट त्याच कादंबरीवर रचलेला होता. तेव्हां हा पाठ बखरीचा नव्हे, कादंबरीचा.

'नागीण' तोफेची गोष्ट निराळी. ती कोंढाण्यावर चढवून राजगडावर रोखलेली दाखविली आहे. या दोन गडांमधील सरळ अंतर सुमारें १५ किलोमीटर. त्या काळच्या तोफेचा गोळा तें तोडणें अशक्य होतें. सभासदांत या तोफेचा मागमूस नाहीं. बखरींत एका गडावरून दुसऱ्यावर गेला तो आगीचा उजेड; येथें त्याच्या जागीं तोफगोळा येऊं पाहतो!

गडाच्या नांवाचा घोटाळा याहून जुना व अधिक रुजलेला आहे. तानाजींच्या मरणावरून 'सिंहगड' हें नांव पडलें, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु शिवाजी महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रांतच, म्हणजे या युद्धापूर्वीं जवळजवळ सात वर्षें, तें नांव येतें. सभासदानें महाराजांच्या तोंडीं घातलेल्या उद्गारांतही सिंह नाहीं. एक गड मिळाला व एक गड गमावला, एवढाच त्याचा आशय आहे.

पडद्यावरचा प्रसंग लोकांच्या स्मरणांतून घराण्यांच्या सांगीव हकीकतींत उतरण्यास फार काळ लागत नाहीं. यास्तव या लढाईची अप्रसिद्ध म्हणून एखादी कैफियत विकावयास आली आणि तींत कमळा आढळली, तर ती हरिभाऊंच्या नंतरची असल्याचा संशय धरावा. राजगडावर रोखलेली तोफ आढळली, तर इ. स. २०२० नंतरची असल्याचा. मग कागद कितीही पिवळा पडलेला असो.