चिनी वाचकाचा डोळा



जुन्या चिनी ग्रंथाचें पान उघडलें, तर ओळ वरून खालीं उतरतांना दिसते आणि एक ओळ संपली कीं तिच्या डावीकडे दुसरी सुरू होते. दोन हजारांहून अधिक वर्षें चालत आलेली ही रीत विसाव्या शतकांत चीनमध्यें बदलली. त्या बदलाच्या वादांत माणसाच्या डोळ्यालाच साक्षीस बोलावण्यांत आलें होतें. त्या साक्षीचा वृत्तांत आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

१९१७ सालीं च्येन श्वेनथुंग या भाषापंडितांनीं 'नवयौवन' मासिकाचे संपादक छन तूश्यू यांस पत्र लिहून डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या आडव्या लेखनाचा पुरस्कार केला. त्यांचें म्हणणें असें कीं, मनुष्याचे डोळे शेजारीं शेजारीं आडवे बसविलेले आहेत; तेव्हां आडवें पाहणें सुलभ आणि वरखालीं पाहणें कष्टाचें. हा युक्तिवाद ऐकतांच पटतो. परंतु ऐकतांच पटणारी गोष्ट पारखून घ्यावी, हें उत्तम.

वाचतांना डोळा नेमकें काय करतो? पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेंत १८७९ च्या सुमारास असें आढळलें कीं, डोळा ओळीवरून संथपणें सरकत नाहीं. तो उड्या मारतो, प्रत्येक उडीनंतर पाव सेकंदाच्या आसपास विसांवतो, आणि अक्षरें दिसतात तीं त्या विसांव्यांतच. पुढें १९०१ सालीं अमेरिकेंत रेमंड डॉज यांनीं डोळ्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचें छायाचित्र घेऊन या हालचाली टिपण्याची युक्ति प्रसिद्ध केली.

याच प्रकारच्या छायाचित्रणानें १९२५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील वॉल्टर माइल्स व युजीन शेन यांनीं चिनी वाचकांचे डोळे उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही ओळींवर तपासले. त्या दशकांत असे आणखीहि प्रयोग झाले. त्यांचे निकाल एकमुखी नव्हते. पण आडव्या वाचनाची निसर्गदत्त श्रेष्ठता त्यांतून कांहीं सिद्ध झाली नाहीं. लहानपणापासून उभ्या ओळींवर वाढलेला डोळा उभ्या ओळींत रमत होता.

संवयीचा हा प्रभाव पुढील संशोधनानें अधिकच स्पष्ट केला. इंग्रजी वाचक एका विसांव्यांत उजवीकडील १४-१५ अक्षरांपर्यंत लाभ घेतो. आडवी चिनी ओळ वाचणारा डावीकडचें १ व उजवीकडचीं ३ अक्षरें टिपतो, असें १९९८ सालीं दिसून आलें. यावरून चिनी डोळा अधू ठरत नाहीं. तिकडील एकेका अक्षरांत आशयच अधिक भरलेला असतो. हिब्रू व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्यांवर १९८१ सालीं झालेले प्रयोग तर फारच बोलके आहेत. तीच व्यक्ति इंग्रजी वाचूं लागली कीं तिची नजर उजवीकडे पसरते आणि हिब्रू वाचूं लागली कीं डावीकडे! डोळे तेच, बदलली ती लिपि.

चिनी लेखनांत शब्दांमध्यें मोकळी जागा सोडीत नाहींत. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती मुद्दाम सोडून पाहिली, तरी वाचनाचा वेग वाढलाहि नाहीं अन् घटलाहि नाहीं. आपल्या पूर्वजांचीं मोडी पत्रें पाहिलेल्यांस यांत नवल वाटूं नये. तेथेंहि शब्द न तोडतां ओळ सलग धांवे, आणि जाणता कारकून ती खळखळ वाचीत असे.

मग चीनमध्यें ओळ आडवी कां झाली? गणिताचीं समीकरणें, विज्ञानाचीं सूत्रें, परदेशी नांवें उभ्या ओळींत नीट बसेनात, हें एक बळकट कारण होतें. १ जानेवारी १९५५ रोजीं 'ग्वांगमिंग' दैनिक आडवें निघालें. वर्षभरानें 'पीपल्स डेली'नेंहि तीच वाट धरली. तैवानमध्यें सरकारी कागदपत्रें २००५ सालीं आडवीं झालीं. जपानी वृत्तपत्रांचे स्तंभ मात्र आजहि मुख्यतः उभेच छापले जातात, आणि वाचकांच्या डोळ्यांची तक्रार नाहीं.

तेव्हां लिपींत बदल करावयाचा असल्यास सोयीसाठीं अवश्य करावा. त्याचें ओझें निसर्गावर टाकूं नये. आणि एखाद्या परक्या लिपीस अवघड म्हणण्यापूर्वीं एवढें आठवावें कीं, तिच्या शाळेंत आपला डोळा अद्याप बसलेलाच नाहीं.