केंब्रिजचे सूर, दिल्लीचा घुमट

प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप होतो तो 29 जानेवारीला, विजय चौकातल्या बीटिंग रिट्रीटने. 2021पर्यंत या कार्यक्रमात दिवस मावळताना सेनादलांचे बँड ‘अबाइड विथ मी’ ही धून वाजवत. गांधीजींना हे भजन प्रिय होतं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचे शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट या धर्मगुरूचे, 1847चे. चाल विल्यम हेन्री मंक यांची, 1861ची. मंक हे ऑर्गनवादक, आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या स्तोत्रसंग्रहाचे संगीत-संपादक. म्हणजे बँडच्या पितळी वाद्यांतून दिल्लीकरांच्या कानावर पडणारी ती चाल मुळात चार आवाजांत, ऑर्गनच्या साथीने गाण्यासाठी बांधलेली. 2022पासून ती कार्यक्रमातून वगळली. मला तिची उणीव भासते. पण ती ज्या घराण्यातली, त्या संगीताची दिल्लीतली हकिकत कुणी सांगताना दिसत नाही, याची खंत जास्त आहे. विजय चौकापासून फार लांब नाही, संसद भवनामागे चर्च रोडवर, त्या घराण्याची दिल्लीतली वास्तू उभी आहे: कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन.

घराण्याचा उगम शोधायला सोळाव्या शतकात जावं लागतं. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि 1536 ते 1540 या काळात इंग्लंडमधले मठ बरखास्त केले. मठ गेले, पण त्यांतल्या काही मोठ्या चर्चची कॅथीड्रलं, म्हणजे बिशपची मुख्य चर्च, झाली. तिथे सनदेनेच गायकवृंद नेमला गेला. गाणारी मुलं, गाणारे पगारी पुरुष आणि त्यांना शिकवणारा ऑर्गनवादक, सगळ्यांची तजवीज कॅथीड्रलच्या उत्पन्नातून. 1549 मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं आणि लॅटिन उपासना संपली. आर्चबिशप क्रॅन्मर यांनी 1544 मध्येच राजाला कळवलं होतं की, शक्यतो एका अक्षराला एकच स्वर असावा, शब्द स्पष्ट कळावेत. या बंधनाने संगीताची गळचेपीच व्हायची. पण टॉमस टॅलिससारख्या रचनाकाराने त्यातच राहून सौंदर्य काढलं. टॅलिसने चार राज्यकर्त्यांची चाकरी केली. कधी लॅटिन, कधी इंग्रजी, पुन्हा लॅटिन, पुन्हा इंग्रजी. त्याच्या छोट्या इंग्रजी रचना ऐकताना शब्द आधी पोचतो आणि सुरावट त्याच्या मागोमाग उलगडते.

पुढे खंड पडला. यादवी युद्धात, 1644 मध्ये, पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला. वृंद विखुरले, ऑर्गन मोडले गेले. 1660 मध्ये राजेशाही परतल्यावर सगळं पुन्हा उभारावं लागलं. त्या पिढीतून पर्सेलसारखा रचनाकार घडला.

हे संगीत ऐकायचं कसं, ते थोडं सांगायला हवं, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते थंड वाटू शकतं. वृंद दोन भागांत विभागून समोरासमोर उभा राहतो. डीनच्या, म्हणजे कॅथीड्रलच्या प्रमुख धर्मगुरूच्या, बाजूचे ते डेकानी, मुख्य गायकाच्या बाजूचे ते कँटोरिस. स्तोत्रसंहितेतली एक ओवी एका बाजूने, पुढची दुसऱ्या बाजूने. वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या हातातून अभंग घेतात, तो अनुभव ज्याला आहे त्याला ही मांडणी शिकवावी लागत नाही. स्तोत्रांची चाल अगदी लहान असते: एका स्वरावर शब्द बोलल्यासारखे म्हणायचे, आणि ओळ संपताना दोन-चार स्वर बदलून विसावायचं. ठेका शब्दांचा, तालाचा नाही. चाल ओवीमागून ओवी तीच राहते, म्हणून अर्थाप्रमाणे रंग बदलण्याचं काम ऑर्गनवादकाकडे येतं. मेघगर्जनेचा उल्लेख आला की पायाखालच्या पट्ट्यांवरून तो खर्ज हलवतो, आणि एकाकीपणाचा आला की एकच मऊ बासरीसारखी नळी उरते. मुलांचा वरचा आवाज कंप न देता सरळ लावलेला असतो. दगडी इमारतीत एक स्वरसमूह विरण्याआधी दुसरा येतो, आणि हवेत दोघांचं मिश्रण होतं. रचनाकार हे गृहीत धरूनच लिहितो. बंद खोलीत, कानाला यंत्र लावून ऐकलं तर निम्मं हरवतं.

एक रचना जवळून पाहू. चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड यांच्या ‘जी’ स्वरातल्या सायंउपासनेतलं मरीयेचं स्तोत्र, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. एकटा मुलगा गातो. खाली ऑर्गनवर अखंड, बारीक, वेगाने फिरणारी सुरावट चालू असते, आणि ती मरीयेचा चरखा सुचवते असं जाणकार मानतात. दूताचा निरोप ऐकलेली एक कुमारिका, हातातलं काम न थांबवता. वृंद मागून येतो, हळूच भरतो, आणि तरी त्या एका आवाजाच्या वर चढत नाही. साथ म्हणजे काय, हे शिकायचं असेल तर ही चार-पाच मिनिटं पुरेशी आहेत.

स्टॅनफर्ड यांच्यापाशी धागा दिल्लीकडे वळतो. ते 1874 पासून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ऑर्गनवादक होते, आणि त्यांची ‘बी फ्लॅट’मधली गाजलेली उपासना 1879ची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधलं कॅथीड्रल संगीत ढासळलं होतं. सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली यांनी 1849 मध्ये त्यावर संतापून पुस्तिका लिहिली, फ्रेडरिक औसली यांनी 1856 मध्ये टेनबरीला नमुन्यादाखल संगीताचं कॉलेजच काढलं. त्या उभारीच्या लाटेत केंब्रिज मोठं केंद्र ठरलं. नेमक्या त्याच वर्षांत, 1877 मध्ये, पेंब्रोक कॉलेजचे एडवर्ड बिकरस्टेथ आणि त्यांचे सोबती ‘केंब्रिज मिशन टू दिल्ली’ म्हणून इथे आले. 1881 मध्ये त्यांनी सेंट स्टीफन्स कॉलेज सुरू केलं. कॉलेजातल्या चॅपलच्या उपासनेत वाढलेली ही माणसं. त्यांच्या कानात हे सूर होते, पण गाठीशी पगारी वृंद नव्हता, गाणाऱ्या मुलांची शाळा नव्हती, वतनासारखं कायमचं उत्पन्न नव्हतं. त्यामुळे कॅथीड्रलचं संगीत जसंच्या तसं त्यांना आणता येणं शक्य नव्हतं. आलं ते त्यातलं सगळ्यांना गाता येण्याजोगं: स्तोत्रसंग्रह, चार आवाजांची भजनं, नाताळची गाणी.

मुंबईत याहून वेगळा प्रयत्न झाला होता. सेंट थॉमस चर्च 1718च्या नाताळात उघडलं, 1837 मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला, आणि 1875 मध्ये तिथे गायला मुलं मिळावीत म्हणून गायकमुलांची शाळा निघाली. आजच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूलच्या नावातलं ‘कॅथीड्रल’ त्या वंशातलं आहे.

दिल्लीला राजधानी हलवल्याची घोषणा 1911 मध्ये झाली. तोवर शहरात इंग्रजांचं महत्त्वाचं चर्च म्हणजे काश्मिरी गेटचं सेंट जेम्स, कर्नल जेम्स स्किनर यांनी बांधलेलं आणि 1836 मध्ये उपासनेसाठी अर्पण झालेलं. नव्या राजधानीसाठी हेन्री मेड या वास्तुकाराने व्हेनिसमधलं पॅलाडिओचं ‘इल रेदेंतोरे’ चर्च डोळ्यांपुढे ठेवून आराखडा केला, आणि नावही तेच इंग्रजीत आलं. 1931 मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन स्वतः अत्यंत धार्मिक वृत्तीचे होते, त्यांनी बांधकामात मनापासून लक्ष घातलं. लोक त्याला व्हाइसरॉयचं चर्च म्हणत. उन्हाला आत येऊ न देणाऱ्या जाड भिंती, उंचावरच्या खिडक्या, वर घुमट. आवाजासाठी ही जागा फार चांगली आहे. पण सरकार उन्हाळा लागताच सिमल्याला जाई, आणि त्याच्यामागोमाग गाणारी-ऐकणारी निम्मी मंडळी. जे संगीत रोजच्या उपासनेवर जगतं, बारा महिने, कुणी ऐकायला येवो न येवो, त्याला अर्ध्या वर्षाचं शहर पोषक नव्हतं.

ऑर्गनलाही हे शहर सोसत नाही. पाइप ऑर्गन म्हणजे लाकूड, चामडं, शिसं, कथील आणि वारा. सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी, आणि खर्जाची सोळा फुटी. नळ्या दोन जातींच्या. एका जातीत वारा नुसत्या तोंडाच्या फटीवर आपटून स्वर निघतो, दुसरीत धातूची जीभ थरथरते. उकाडा वाढला की पहिल्या जातीचा सूर चढतो, दुसरीचा जवळपास तिथेच राहतो. म्हणून जानेवारीत सुरात लावलेला ऑर्गन मे महिन्यात आपल्याच अंगातल्या दोन आवाजांशी भांडतो. शिवाय लू सुटली की लाकूड आकसतं, चामड्याला भेगा पडतात, आंधीची धूळ झडपांत बसते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं. रिडेम्प्शनमध्ये पाइप ऑर्गन आहे. असं वाद्य दिल्लीच्या हवेत टिकवणं हे गाण्याइतकंच निष्ठेचं काम आहे, आणि त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

या हकिकतीतला सगळ्यात विलक्षण माणूस चर्चमध्ये नव्हता, आकाशवाणीत होता. जॉन फोल्ड्स. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्यांनी रचलेलं ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ 1923 ते 1926 या वर्षांत लंडनमध्ये युद्धविरामाच्या स्मरणदिनी सादर होत होतं, शेकडोंच्या वृंदासह. 1935 मध्ये ते भारतात आले आणि 1937 पासून दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. इथे त्यांनी भारतीय वाद्यांचा मेळ बांधला, आणि 1938 मध्ये ‘इंडियन लिसनर’मध्ये हार्मोनियमवर कडाडून टीका केली. पेटीचे ठरीव स्वर श्रुतींना मारतात, मींड घेऊ देत नाहीत, असा त्यांचा आक्षेप. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971पर्यंत राहिली. बंदी पाहायला फोल्ड्स नव्हते. एप्रिल 1939 मध्ये कलकत्त्याला बदली होताच काही दिवसांत कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला. चार आवाजांचं संगीत रक्तात असलेल्या इंग्रज रचनाकाराने भारतीय गळ्याची बाजू घ्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं. बंदी मात्र चुकीचीच होती.

मराठी वाचकाला ऑर्गन परका नाही. बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन वाजे. त्या नाट्यगृहातल्या ऑर्गनला नळ्या नसत, पायाने भाता हलवायचा आणि पितळी जिभा बोलायच्या. ज्यांना पाइप ऑर्गन परवडत नसे अशा लहान चर्चमध्ये आणि मिशनच्या शाळांतही याच जातीची वाद्यं असत. उपासनेत हे वाद्य स्वरसमूहाचा पाया धरून ठेवी. आपल्या रंगभूमीवर त्याच वाद्याने गळ्याच्या मागे धावायला शिकून घेतलं. तिकडे रेव्हरंड टिळकांनी उलट दिशा धरली. इंग्रजी चालींत मराठी शब्द बसवण्यापेक्षा ख्रिस्ती भक्तीला अभंगाच्या आणि देशी चालींच्या अंगाने नेलं, आणि ‘उपासना संगीत’ या संग्रहातून त्यांची पदं आजही गायली जातात.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. रिडेम्प्शन आता तिच्या दिल्ली धर्मप्रांताचं कॅथीड्रल आहे. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा वेगवेगळ्या रिवाजांची माणसं एका छताखाली आली, तेव्हा गायलेली इंग्रजी सायंउपासना सगळ्यांचा समान वारसा राहू शकत नव्हती. हिंदी भजनं आली, ढोलक आला, आणि ते योग्यच झालं. चार आवाजांचं गाणं मात्र संपलं नाही. ते शहरात इतरत्रही पसरलं. 1994 मध्ये झोहरा शॉ यांनी ‘कॅपिटल सिटी मिन्स्ट्रल्स’ हा वृंद बांधला, त्यात गाणाऱ्यांना धर्माची अट नाही. तिकडे दीनदयाळ उपाध्याय मार्गावरच्या गांधर्व महाविद्यालयाचा वृंद मधुप मुद्गल घडवतात. ते महाविद्यालय 1939 मध्ये काढलं पुण्याच्या विनायकराव पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी. तिथे राग आहेत, पण अनेक गळ्यांचा मिळून एक आवाज करण्याचा ध्यास तोच आहे.

इंग्लंडमध्ये वरचा सूर शतकानुशतकं मुलग्यांचा होता. सॉल्झबरी कॅथीड्रलने 1991 मध्ये मुलींचा वृंद काढला तेव्हा ती मोठी बातमी झाली. दिल्लीतल्या वृंदांमध्ये हा प्रश्न येत नाही. गायकमुलांची शाळाच नसल्याने वरची पट्टी बायकांनीच धरायची, आणि त्या ती धरतात. त्यांच्या आवाजात मुलांचा तो कोरा थंडपणा नाही, थोडी ऊब आहे, थोडा कंप आहे, आणि ज्या भाषांत त्या घरी बोलतात त्यांचा स्पर्श शब्दांना आहे. डिसेंबरात रिडेम्प्शनमध्ये कॅरलच्या, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या, उपासनेला गेलात तर पुढच्या बाकांवर बसू नका. घुमटाच्या थोडं मागे, मध्यावर बसा. तिथे चारही आवाज एकत्र होऊन पोचतात. शेवटच्या कडव्यात ऑर्गन वृंदाखालचे स्वर बदलतो आणि वरच्या बायका मूळ चालीच्याही वर दुसरी चाल गातात. त्या वेळी मूळ चाल धरून ठेवायची जबाबदारी बाकांवरच्या लोकांची असते, तेव्हा येत असेल तर मोठ्याने गा.