थांबणारी हळद, न थांबणारी द्राक्षे

सांगलीच्या बाजारपेठेचे नाव झाले ते हळदीमुळे. शेजारच्या हरिपुरात ही हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत. पेवाचे तोंड बंद केले की आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो आणि किडीला जगता येत नाही. हळद टिके, त्यामुळे भाव पडला तरी तिचा मालक थांबू शके.

ताज्या फळभाज्यांना ही सोय नाही. तोडलेले फळही जिवंत असते. ते श्वसन करते, आतली साखर खर्च करते आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग साधारण दोन-तीन पट होतो. म्हणजे वाटेतला प्रत्येक थांबा फळाचे आयुष्य कमी करतो. सातारा-सांगलीच्या वाटेवर असे थांबे कोणते होते ते पाहू.

पहिला थांबा पुण्याचा. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने पुणे-मिरज मार्ग मीटरगेजचा, म्हणजे १००० मिलिमीटर रुंदीचा बांधला. पुणे-मुंबई मार्ग मात्र १६७६ मिलिमीटरचा. साहजिकच मुंबईचा माल पुण्यात उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. हळदीच्या पोत्यांचे यात फारसे बिघडत नाही. भाजीची करंडी मात्र दर चढउतारात दबते आणि तापते. १९७१ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला.

दुसरा थांबा बाजार समितीचा. १९६३ च्या राज्य कायद्याचा हेतू चांगला होता: उघड लिलाव, चोख वजन, वेळेवर पैसे. पण त्यामुळे नाशवंत मालालाही बाजार आवारातूनच जावे लागले. २०१६ साली फळे-भाजीपाल्यावरचे हे बंधन आवाराबाहेर उठले.

तिसरा थांबा डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे फळासोबत आलेली शेतातली उष्णता. द्राक्षे तोडल्यावर काही तासांतच शून्य अंशाजवळ आणावी लागतात. १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली. पूर्वशीतकरण आणि शीतगृहे यांच्या जोरावर राज्यातली द्राक्षे युरोपात पोचू लागली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे श्वसन द्राक्षाच्या कित्येक पट वेगाने चालते. तिला तर याहून घाई.

तासगावकरांनी आणखी एक वाट काढली. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवायची. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, आणि तो शीतगृहात महिनोन् महिने टिकतो. ज्याचा माल थांबू शकत नाही, त्याला भावासाठीही थांबता येत नाही. बेदाण्याने शेतकऱ्याला हळदीच्या मालकासारखे थांबता येऊ लागले.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. दोन बरण्यांत चुन्याच्या निवळीची एकेक वाटी ठेवा. एका बरणीत मूठभर ताजी भेंडी घाला, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींची झाकणे घट्ट लावून दुसऱ्या दिवशी निवळी पाहा. कोणती जास्त दुधाळ झाली, आणि बरणी उन्हाजवळ ठेवली असती तर काय झाले असते, हे मुलांनाच सांगू द्या.