नैराश्य आणि हिपोकॅम्पस : मेंदूचे प्रतिमांकन

कानशिलामागे, मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत खोलवर असलेला वळणदार भाग म्हणजे हिपोकॅम्पस. नव्या आठवणी घडवणे हे त्याचे मुख्य काम. ताणाच्या वेळी वाढणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाला आवर घालण्यातही त्याचा वाटा असतो. प्रदीर्घ ताणाची झळ या भागाला बसते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. एमआरआयमुळे ते जिवंत माणसात तपासता येऊ लागले.

१९९६ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात इव्हेट शेलाइन आणि सहकाऱ्यांनी नैराश्य येऊन गेलेल्या, पण त्या वेळी बऱ्या असलेल्या स्त्रियांचे मेंदू मोजले. त्यांचा हिपोकॅम्पस दोन्ही बाजूंना लहान भरला. नैराश्यात गेलेला एकूण काळ जितका जास्त, तितका तो अधिक लहान होता. २००० मध्ये डग्लस ब्रेमनर यांच्या गटाला डाव्या बाजूस तब्बल १९ टक्के घट आढळली.

हे मोजमाप फार नाजूक असते. एकेका बाजूचा हिपोकॅम्पस जेमतेम तीनचार घनसेंटिमीटरचा. त्याची कडा एकामागून एक पातळ छेदांवर हाताने आखायची. पुढच्या टोकाला तो अमिग्डाला या शेजारच्या भागाला इतका चिकटलेला असतो की करड्यात करडे मिसळते. ही हद्द प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या नियमाने ठरवी. त्यात रुग्णही थोडेच. त्यामुळे आकड्यांत मोठी तफावत पडे. २०१६ मध्ये ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी व्यक्तींची मापे एकाच पद्धतीने तपासली, तेव्हा फरक सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास उरला. नैराश्य वारंवार आलेल्या किंवा कोवळ्या वयात सुरू झालेल्या रुग्णांत तो स्पष्ट होता; पहिल्याच खेपेच्या रुग्णांत लक्षणीय फरक नव्हता.

एवढ्याशा फरकावरून एकट्या माणसाचे निदान होत नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून आजार खोटा ठरवणे हा रुग्णावर अन्यायच आहे. आकार आजारामुळे घटतो, की मुळात लहान हिपोकॅम्पस असलेल्यांना आजार लवकर गाठतो, हा वाद मिटलेला नाही.

घट म्हणजे पेशींचा नाश, असेही सरसकट म्हणता येत नाही. मरणोत्तर तपासणीत काही रुग्णांच्या पेशी उलट अधिक दाटीने आढळल्या. आक्रसले होते ते त्यांच्यामधले तंतूंचे जाळे. विद्युत्-उपचारांनंतर (ईसीटी) हिपोकॅम्पसचे आकारमान वाढल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे; मात्र ज्याचे आकारमान अधिक वाढले, त्यालाच अधिक बरे वाटले, असे सातत्याने आढळलेले नाही.