लाथ न मारणारी बंदूक

जत्रेत फुग्यांवर ज्याने म्हणून छऱ्याची बंदूक चालवली आहे त्याला एक गोष्ट ठाऊक असते. नेम धरावा लाल फुग्यावर आणि फुटावा शेजारचा पिवळा. आपण खापर फोडतो बंदूकवाल्यावर. लेकाने नळी वाकडी करून ठेवलीय म्हणतो. नळी कधीकधी असतेही वाकडी. पण या गुन्ह्यात दुसराही एक भागीदार आहे आणि तो बंदुकीच्या पोटातच बसलेला असतो.

हे मला दाजींनी शिकवले. दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. सारी हयात टूलरूममध्ये गेली. माणसांपेक्षा लोखंडाशी बोलणे त्यांना सोपे जाते.

"छऱ्याचं वजन किती? अर्धा ग्रॅम. आणि त्याला हवा मारणारा तो आतला दट्ट्या? पाव किलोच्या घरात! आता तूच सांग, बंदूक कुणामुळे हलणार?"

घोडा ओढला की दाबून धरलेली स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो आणि बंदूक मागे सरकते. टोकाला पोचल्यावर दट्ट्या दाबलेल्या हवेच्या उशीवर आपटतो, की बंदूक पुढे उडी मारते. सगळा कारभार सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतो. हा तमाशा चालू असताना बिचारा छर्रा मात्र अजून नळीतच असतो. दारूच्या बंदुकीची लाथ निदान एकाच दिशेने बसते. ही बया मागेही मारते आणि पुढेही. दारूच्या बंदुकीवर वर्षानुवर्षे टिकलेल्या दुर्बिणी हिच्यावर खिळखिळ्या होतात, त्या यामुळेच.

हवेची बंदूक तशी जुनी. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक घेतली होती. तिच्यात हवा आधीच पंपाने ठासलेली असे आणि त्यासाठी पंपाचे दीड हजार झटके लागत असे सांगतात. शत्रूने तेवढा वेळ थांबायचे! पुढे १९०५ पासून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने लिंकन जेफ्रीजच्या रचनेची स्प्रिंगची बंदूक काढली. हिला एकदा दांडा ओढला की काम झाले. पण लाथ तीच.

या लाथेचा बंदोबस्त झाला तो जर्मनीत, आणि तोही लढाई हरल्यावर. ओबर्नडॉर्फ गावी माउझरचा मोठा कारखाना होता. दोन महायुद्धांच्या बंदुका तिथून गेलेल्या. १९४५ नंतर फ्रेंचांनी तो उखडून टाकला आणि जर्मनीत शस्त्रे बनवायलाच बंदी आली. ज्यांचे हात नळ्या कोरण्यात तयार झाले होते त्यांनी आता काय करावे? माउझरमधल्या वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर या दोघांनी त्याच गावात फाइनवेर्कबाउ ही नवी कंपनी थाटली. या नावाचा अर्थ 'बारीक काम'. पुढे बंदी सैल झाल्यावर ते वळले छऱ्याच्या बंदुकीकडे. फौजेला बंदुका पुरवणाऱ्या गावात कागदावरचा ठिपका फोडायची बंदूक!

त्यांच्याआधी राष्टाटच्या डायना कारखान्याने कुर्ट गिस या गृहस्थाची युक्ती बाजारात आणली होती. १९६० साली डायनाचे 'मॉडेल ६' पिस्तूल निघाले. त्यात दट्टे दोन. पुढचा हवा दाबतो, मागचा त्याच वेळी बरोबर उलट दिशेला पळतो. मध्ये दातेरी चक्र दोघांना बांधून ठेवते. मागचा दट्ट्या छऱ्यासाठी काडीचेही काम करत नाही. काही घरांत एक भाऊ कमावतो आणि दुसरा फक्त त्याच्या उलट वागतो, तरी घर जागेवर राहते, तसे हे. जोडताना चक्राचा एक दात चुकला, की मात्र दोघे भाऊ वेगवेगळ्या वेळी घरी पोचतात.

फाइनवेर्कबाउने दुसरा विचार केला. मारू दे लाथ, खांद्याला कळली नाही म्हणजे झाले. नळीसकट सगळे यंत्र रुळांवर ठेवले. घोडा ओढला की यंत्र दस्त्याच्या आत मागे घसरते आणि दस्ता ढिम्म. त्यांची '३००' मालिका १९७० च्या दशकात नेमबाजांच्या खांद्याखांद्यावर होती. स्प्रिंग सुटताना पीळ बसू नये म्हणून त्यांनी उजव्या आणि डाव्या वळणाच्या दोन स्प्रिंगा वापरल्या. याला म्हणतात बारीक काम!

आणि मग? १९८४ साली लॉस एंजेलिसला दहा मीटरची एअर रायफल ऑलिंपिकमध्ये दाखल झाली आणि त्याच वर्षी फाइनवेर्कबाउने '६००' आणली. तिच्यात स्प्रिंगच नाही. दांडा ओढून हवा आधी कोंडायची, मग फक्त सोडायची. वाल्टरने ही वाट दहा वर्षे आधीच धरली होती. जड काही हलतच नाही, तर लाथ मारणार कोण? स्प्रिंगला स्थिर उभे राहायला शिकवले आणि लगेच निवृत्त केले.

दाजींना हे फार लागले. म्हणून की काय, त्यांनी लाथ न मारणारे यंत्र घरी करायला घेतले. रचना इंग्लंडच्या जॉन व्हिस्कम या कारागिराची. दोन दट्टे समोरासमोर सुटतात आणि मधली हवा दोघे मिळून दाबतात. रिकामटेकडा भाऊच नाही. दाजींनी नळी आणि दस्ता मात्र लावला नाही. बंदूक म्हटली की कायदा आला आणि कायद्याच्या आधी ताई. नुसते पोट, टेबलावर ठेवायचे.

दोन्ही दट्टे सोनाराच्या काट्यावर तोलून झाले. अडचण एकच, दोघांनी सुटायचे एकाच क्षणी. परीक्षा साधी होती. यंत्राशेजारी पाण्याने भरलेला पेला. लाट उठली की नापास. पहिल्या खेपेला पाणी टेबलावरच आले. दाजी कानस घेऊन बसले, तीन महिने.

दाजींचा हात आताशा कापतो. कप बशीत ठेवताना किणकिण होते आणि ते ऐकू न आल्यासारखे आम्ही दोघे बोलत राहतो. म्हणून घोड्याला त्यांनी दोरा बांधला होता, टेबलाला हात लागायला नको.

परवा दोरा ओढला. फट्!

"काय पडलं?" ताई आतून.

पाण्यावर एक बारीक वर्तुळ उमटले. ते काठापर्यंत पोचले की नाही यावर आमचे अजून एकमत नाही.

"डावीकडचा अर्धा ग्रॅम जड आहे," दाजी म्हणाले आणि कानस शोधू लागले. तेवढ्यात ताईने पेला उचलून तुळशीत रिकामा केला.